ज्वारीसाठी हातगिरणी: आईचं जातं, नवं जातं की लोखंडी?

बार्शीचा_मास्तर

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो. थोडक्यात विचारलं की लोक "घरघंटी घ्या" म्हणून मोकळे होतात, म्हणून सगळं सांगूनच विचारतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची. मागच्या वर्षी तिला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नाही, अगदी थोडंही. घरातून गहू, रवा, मैदा, शेवया, सातूचं पीठ सगळं गेलं. मेतकूट गेलं, कारण त्यात मूठभर गहू असतोच. हिंगाची डबी सगळ्यात शेवटी गेली. बांधणीच्या हिंगात मैदा असतो हे आम्हाला चार महिन्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचताना कळलं. बाकी आमचा मुलूख भाकरीचा. शेतातली मालदांडी ज्वारी वर्षभर पुरते. त्यामुळे डॉक्टरबाईंनी पथ्य सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो, पोळी काय नाहीतरी सणावारालाच.

पण रक्ततपासणीतला आकडा उतरायचं नाव घेईना. पोटदुखी अधूनमधून चालूच. तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, "दळण कुठे करता?"

गिरणीत, दुसरीकडे कुठे. गिरणीवाला माणूस सोन्यासारखा. अडचण सांगितल्यावर म्हणाला, "सर, सकाळी शटर उघडलं की पहिलं दळण तुमचं." मीही निर्धास्त. डॉक्टरबाईंनी विचारल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी लवकर गेलो आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत हात घालून पाहिला. आतल्या घडीत आदल्या रात्रीचं गव्हाचं पीठ चिकटून बसलेलं. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. म्हणजे पहिल्या दळणाचा मान म्हणून आम्ही वर्षभर ज्यावर खूश होतो, त्यात आमची ज्वारी त्याची गिरणी पुसून देत होती.

घरी येऊन हिशेब मांडला (गणित शिकवतो, खोड जात नाही). पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४ मिलिग्रॅम. पाच दाणे किलोभर ज्वारीत पडले की मर्यादा संपली. आणि मी तर नखाने पापुद्रे काढत होतो.

तर आता तिचं पीठ घरी दळायचं ठरवलंय. फक्त तिचं. दिवसाला चार लहान भाकऱ्या, म्हणजे आठवड्याला दीड किलो. थंडीत बाजरी, कधी घावनाला तांदूळ, कधी नाचणी. घर भाड्याचं, दुसरा मजला, दोन खोल्या. खाली घरमालक राहतात, त्यांना दुपारी झोप लागते. बजेट पाच हजार.

घरघंटी का नको, हेही सांगतो. पैसे हे पहिलं कारण. दुसरं, घरात यंत्र आलं की बाकीच्यांचे गहूही त्यातच पडणार. मी माझ्या घरच्यांना ओळखतो.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. गावी आईचं जातं आहे, काळ्या दगडाचं. तिच्या सासूच्या वेळचं. आई म्हणते उद्या घेऊन जा. दुसरी, बाजारातून नवं दगडी जातं. तिसरी, टेबलाला आवळायची लोखंडी हातगिरणी, ती ऑनलाइन दिसते, पण फोटोवरून काही कळत नाही. ज्यांनी खरंच हाताने दळलंय त्यांनी सांगावं.

उगाच_एक

घरघंटी घ्या.

(रागावू नका सर, कुणीतरी म्हणणारच होतं. दोन हप्ते करून घ्या आणि कुलूप लावा.)

चिंचवडचा_फिटर

मास्तर, वरच्यांकडे लक्ष देऊ नका. माझ्याकडे लोखंडी हातगिरणी सहा वर्षं आहे. फिटर म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे आणल्या दिवशीच खोलून बघितली.

आधी ताकदीचं बोलू. घरच्या चक्कीची मोटर बहुधा एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅट. धडधाकट माणूस सलग काम करतो तेव्हा ७५ वॅटच्या आसपास देतो. दहावा हिस्सा. म्हणून जे काम चक्की सहा मिनिटांत करते त्याला तुम्हाला तास लागणार, गिरणी कितीही भारी घ्या. पाच माणसांचं पीठ हाताने दळीन म्हणणारा पंधरा दिवसांत ती माळ्यावर टाकतो. तुमचं दीड किलोचं काम आहे, म्हणून जमेल.

लोखंडी गिरणीत आत एक मळसूत्र असतं. ते दाणे ढकलतं आणि दोन खाचांच्या चकत्यांमध्ये ते चिरडले जातात. एक चकती बसलेली, एक फिरणारी. बाहेरचा स्क्रू आवळला की चकत्या जवळ येतात. जास्त आवळलात तर दाणा संपल्यावर लोखंडावर लोखंड घासतं आणि ती भुकटी पिठात येते. मी पहिल्या महिन्यात ही चूक केली. पिठात लोहचुंबक फिरवलं तर त्याला काळी मिशी आली. तेव्हापासून नेम असा की दाणे संपत आले की आधी स्क्रू सैल, मग हात थांबवायचा.

पीठ कसं येतं? खरं सांगतो, पहिल्या फेरीत भरडा येतो. भाकरीजोगं करायला दोनदा घालावं लागतं, वर चाळणी. कुळीथ, डाळीचा भरडा, लापशी यांना उत्तम. ज्वारीच्या पिठाला बोटांत धरल्यावर जो मऊपणा लागतो तो माझ्या गिरणीतून कधी आला नाही. महागातल्या येतही असेल.

फायदा एकच, पण तुमच्यासाठी मोठा. एक नट काढला की सगळी गिरणी ताटात सुटी होते. कुठे काही अडकलंय का ते डोळ्यांनी दिसतं. धुवायची मात्र नाही, गंजते. कोरडा ब्रश मारायचा. आणि जेवणाच्या टेबलाला आवळू नका. माझ्या टेबलाची कड गेली, बायको अजून ऐकवते. जाड फळी भिंतीला ठोकून तिला लावा.

माळशिरसची_आजी

मास्तर, हे माझा नातू टाइप करून देतोय. मी सांगते तसं लिहितो का बघायला मी शेजारीच बसलेय.

माझं वय एकाहत्तर. लग्न होऊन आले तेव्हा गावात गिरणी होती, पण ती डिझेलची, बंदच जास्त. पहाटे चारला उठून दोन पायल्या दळायच्या, मग चूल. आता गुडघे वाकत नाहीत, पण भरडायला जातं अजून लावते. लोक म्हणतात जात्यावर बसलं की ओवी सुचते. मला झोप सुचायची.

जातं घ्यायचं तर आधी दगड बघा. आपल्याकडचा काळा फत्तर पाहिजे. देवस्थानाच्या बाहेर दुकानांत पांढरी गुळगुळीत जाती मांडलेली असतात, ती संगमरवराची. ती लग्नातली हळद दळायला आणि फोटो काढायला. दगड मऊ, दाण्याबरोबर तोही झिजतो आणि पोटात जातो. कळत नसेल तर लिंबू पिळा. फसफसलं तर ठेवून पुढे चालू लागा.

मग आकार. टीचभर जातं घेऊ नका. पीठ काही हाताच्या जोराने बारीक होत नाही, वरच्या दगडाच्या वजनाने होतं. हलक्या जात्याला तुम्ही वरून दाब देत बसता आणि दंड भरून येतो. पण फार मोठंही तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर नको, ते दोघींनी समोरासमोर बसून ओढायचं असतं.

खुंटा हलता कामा नये. बाजारात नुसता ठोकून देतात, चार दिवसांत निघतो. बाभळीचा घट्ट बसवून घ्या. वरच्या दगडाच्या तोंडात जी लाकडी पट्टी असते, ती मधल्या खिळीवर टेकते. सगळी मेख तिथे आहे. ती पट्टी झिजली की वरचा दगड खाली बसतो, जातं जड जातं आणि पीठ गरम लागतं. खिळीला थोडी चिंधी गुंडाळली की दगड केसभर उचलला जातो आणि भरड पडते. डाळ करायची तर चिंधी जास्त, पीठ करायचं तर काढून टाकायची. तुमच्या त्या स्क्रूचं काम आमची चिंधी करते.

वैरण मुठीने घालू नका. मूठभर दाणे एकदम टाकले की दाणे न फुटता बाहेर येतात. तीन बोटांत मावेल एवढी वैरण, दोन फेऱ्यांना एकदा. नव्या सुनेला हेच शिकवायला महिना लागायचा. ती घाई करायची, दगड रिकामा पळायचा, मग एकदम ओंजळ ओतायची.

ज्वारी आधी उन्हात टाका. दाताखाली धरल्यावर कट्टदिशी आवाज आला पाहिजे. ओलसर दाणा दगडाला लेप देतो, मग टाकी लावल्याशिवाय सुटत नाही. शेंगदाणे, तीळ, जवस त्याच्या जवळ आणायचे नाहीत, तेल सुटतं.

टाकी माहीत आहे ना? दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने ठोकून खरबरीत करायचा. पूर्वी बाया दारावरून ओरडत जायच्या, "जात्याला टाकी, पाट्याला टाकी". आता वर्षातून एकदा दिसल्या तर नशीब. जातं घेतानाच टाकी लावणारा माणूस बघून ठेवा.

आणि आईचं जातं आणा की. चांगलं घासून, टाकी लावून घेतलंत की नव्यासारखं. आजीच्या जात्याचं पीठ पोरीच्या अंगी लागणार नाही असं कसं होईल?

ओहायोतून

आजी, तुमचं सगळं मी दोनदा वाचलं. फक्त शेवटच्या ओळीवर नाही म्हणते, रागावू नका.

मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे, अकरा वर्षं झाली. मास्तर, आईचं जातं मुलीसाठी आणू नका. आपला काळा दगड घट्ट दिसतो, पण त्यात बारीक छिद्रं असतात, काही दगडांत तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पन्नास-साठ वर्षांचं गव्हाचं पीठ त्यात बसलेलं आहे. टाकीने वरचा पापुद्रा जातो, छिद्राच्या तळातलं जात नाही. पाण्याने धुतलं तर ते आत आणखी घट्ट बसेल. तुम्ही स्वतःच हिशेब मांडलाय, किलोमागे पाच दाणे. त्या दगडात किती दाण्यांचं पीठ आहे हे कोण सांगणार?

हेच नेमकं दुसऱ्या गोष्टींना लागू. तुम्ही जात्याचा एवढा विचार करताय, पण चाळणी कुठली वापरता? गव्हाचं पीठ चाळलेली चाळणी कितीही झटका, जाळीत राहतंच. सूप वेगळं. आणि भाकरी थापायची काथवट! लाकडाच्या काथवटीत कधीकाळी कणीक मळली असेल तर ती आजच बाजूला काढा. माझ्या आईने इथे आली तेव्हा प्रेमाने माझी काथवट आणली होती. मी ती भिंतीवर टांगली आहे.

गिरणीचं म्हणाल तर मी इथे हाताची गिरणी वापरते जिच्यात दगडाच्या आणि पोलादाच्या अशा दोन्ही चकत्या बदलून लावता येतात. कोरड्या धान्याला दगड, तेलकट आणि ओल्याला पोलाद. ज्वारी दगडावर चांगली येते. पण ती तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढची आहे आणि पार्सलचं वजन बघता मागवण्यात अर्थ नाही. कुठलंही घ्या, नवं घ्या, आणि पहिल्या दिवसापासून त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवा.

माळशिरसची_आजी

पोरी, हे मला माहीत नव्हतं. बरोबर आहे तुझं. मास्तर, नवंच घ्या.

बार्शीचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. काथवटीवर मी आणि बायको एकमेकांकडे बघतच राहिलो. तिच्या माहेरची काथवट, दिवाळीला करंज्यांचं पीठ त्यातच भिजायचं. आजच काढली.

आईला जात्याचं सांगणं जड गेलं. फोनवर नीट समजावून सांगितलं, छिद्रं, पीठ, सगळं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या हातचं तिला बाधतं." मी म्हटलं तुझ्या हातचं नाही, दगडातलं. ती म्हणाली बरं. आमच्या आईचं "बरं" म्हणजे संभाषण संपलं.

फिटरदादा, तुमच्या लोखंडी गिरणीची सोय पटते, पण मुलीला आठवडाभर जाड पिठाच्या भाकरीवर ठेवलं तर ती पोळी मागेल, ही मला भीती. तेव्हा दगडाकडेच झुकलोय. खरेदी करताना दोन दगड एकमेकांवर नीट बसतात की नाही हे कसं तपासायचं? फिटरच सांगू शकेल.

चिंचवडचा_फिटर

सोपं आहे. आम्ही कारखान्यात निळा रंग लावून बघायचो, तुम्ही हळद न्या. खालच्या दगडावर कोरडी हळद पातळ पसरा, वरचा दगड ठेवून एक फेरा द्या, मग उचला. वरच्या दगडाला पिवळा रंग कडेकडेने सगळीकडे सारखा लागला पाहिजे, तीन-चार बोटांच्या पट्ट्यात. मध्याकडे लागला नाही तर चालेल, उलट चांगलं, कारण दाणा तोंडातून आत शिरून आधी फुटायला तिथे जागा लागते आणि बारीक तो कडेला होतो. एकाच बाजूला रंग लागला तर दगड डुगडुगतोय, सोडून द्या.

वजनाचा अंदाजही देतो. काळ्या दगडाची घनता २.९ धरा. नऊ इंची, दोन इंच जाडीची जोडी १२ किलो भरते. बारा इंची, तीन इंच जाडीची ३२ किलो. तुमचा जिना बघता मधलं बघा, दहा इंची, अडीच इंच जाड. जोडी १८-१९ किलोची होईल.

उगाच_एक

हळद लावून जातं बघायला चाललेत. मुलगी पसंत पडली की कळवा.

बार्शीचा_मास्तर

पाच आठवड्यांनी लिहितोय. जातं आलं.

पंढरपूरच्या रस्त्याला एक पाथरवट कुटुंब पालं टाकून बसलेलं होतं. पाटे, खल, जाती. मी खिशातून लिंबू काढलं तेव्हा त्या बाई हसल्या आणि त्यांनीच दगड पुढे केला. मग मी हळदीची पुडी काढली. त्यावर त्यांच्या नवऱ्याने हातातली छिन्नी खाली ठेवली आणि बघायला उठून आला. पहिल्या जोडीला रंग एका बाजूलाच लागला. दुसरीला तीन चतुर्थांश. मला वाटलं चिडतील. त्या माणसाने दुसऱ्या जोडीचा वरचा दगड मांडीवर घेतला, पिवळं जिथे गडद लागलं होतं तिथे टाकीने बारीक टकटक केली, पुन्हा ठेवला, पुन्हा हळद. तीन वेळा. शेवटी कडेने सलग पिवळी रिंगण उमटली तेव्हा तोच म्हणाला, "हे बरंय सर, आम्ही नुसतं कानानं बघतो." खुंटा बाभळीचा नवा बसवून दिला. घासाघीस केली नाही, करवली नाही.

दहा इंची आहे. दोन दगड दोन खेपांत वर नेले, तरी घरमालकांनी विचारलंच. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा आणि त्यावर मोठी नवी परात ठेवली आहे. घरघर ऐकू जाते, पण मिक्सरपेक्षा कमी. घरमालक म्हणाले दुपारी तीननंतर चालेल.

पहिल्यांदा कच काढायची होती. रेशनचा तांदूळ तीनदा दळून टाकून दिला. दर वेळी चमचाभर पीठ काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळून ठेवायचं. पहिल्या खेपेला तळाशी राखाडी रेघ दिसली, बोटाला कचकच लागली. दुसऱ्यांदा अगदी थोडी. तिसऱ्यांदा तळ पांढरा. तरीही मनाच्या समाधानासाठी चौथ्यांदा दळलं.

मग ज्वारी. नवी परात, नवं सूप, नवी चाळणी, बायकोने सगळ्यांच्या कडेला लाल नेलपॉलिश लावलंय, लाल म्हणजे गव्हाला बंदी. ज्वारी निवडताना दोन किलोत गव्हाचे तीन दाणे सापडले. घरच्या शेतातली ज्वारी, पण मळणी यंत्र सगळ्या गावाचं तेच.

पहिला अर्धा किलो दळायला मला पन्नास मिनिटं लागली आणि पीठ आलं ते थालीपिठाचं. आजींनी सांगितलं होतं तरी मी मुठीने वैरण घालत होतो. भाकरी थापताना कडेने फुटली, बायकोने काही न बोलता दोन्ही हातांनी सांधली. तव्यावर टाकताना पुन्हा फुटली. मुलीने तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. दुसऱ्या दिवशी तेच पीठ चाळलं, वर राहिलेली कणी पुन्हा जात्यात घातली, आणि बायकोने पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं. ज्वारीला चिकटपणा आणायला ग्लूटेन नाही, तेव्हा आधणाचं पाणीच ते काम करतं. ती भाकरी टम्म फुगली. गिरणीचं पीठ दहा-बारा दिवसांचं झालं की विरी (चिकटपणा) जायची, हे आज दळलेलं असल्यामुळे हाताखाली लोण्यासारखं फिरतं, असं ती म्हणते. मी थापत नाही, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवतो.

आता अर्ध्या किलोला अर्धा तास लागतो. आठवड्यात तीन दिवस, संध्याकाळी. बाजरी मात्र एका वेळेला दोन दिवसांपुरतीच दळतो. तिच्यात तेल जास्त, पीठ लवकर कडू होतं.

आई मागच्या शनिवारी आली. जात्याकडे बघितलं नाही. चहा झाला, बातम्या झाल्या. मी मुद्दाम दळायला बसलो. थोडा वेळ तिने आवाज ऐकला आणि म्हणाली, "खिळीला किती चिंधी घातलीस? दगड उचलल्यासारखा वाजतोय." मी म्हटलं चिंधी घातलेलीच नाही. ती उठून आली, वरचा दगड उचलला, आतली लाकडी पट्टी बोटाने हलवून पाहिली. पट्टी ढिली होती. भोकात तिरकी बसली होती, म्हणून दगड एका अंगाला तरंगत होता. इतके दिवस मी त्याच जात्यावर घाम गाळतोय. तिने माझ्याकडून एक पातळ लाकडी पाचर मागितली. मी शाळेतली मोडकी पट्टी दिली. ती तासून तिने बाजूला ठोकली, आणि पदर खोचून स्वतः वैरण घालायला बसली. पीठ असं पडायला लागलं की मुलगी ओणवी होऊन बघत राहिली.

मग दोघींनी खुंटा धरला. नात ढकलते, आजी ओढते. निघताना आई म्हणाली, "माझं जातं तिकडेच असू दे. नाचणीच्या पिठाला लागतं मला."

रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे, तेव्हा कळेल. तोवर एक विचारायचं राहिलं. दगड आत्ता खरबरीत आहे, पण पाच-सहा महिन्यांनी टाकी लागेलच. टाकीवाल्याची छिन्नी गव्हाच्या जात्यांवरही चाललेली असणार. ती आधी कशी साफ करायची, की स्वतःची छिन्नी घेऊन ठेवू?

चिंचवडचा_फिटर

स्वतःची घ्या. टोकदार, कार्बाइड टिपची. पाठीमागे लाल नेलपॉलिश लावा.

माळशिरसची_आजी

नातवाने वाचून दाखवलं. ती पाचर आंब्याच्या लाकडाची करून घ्या, शाळेची पट्टी टिकायची नाही.